हुनेबेडांच्या प्रदेशात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवणे, एवढेच काम माझ्याकडे असे, आणि आवाज खणखणीत असल्याने ते काम माझ्याकडून कोणी काढून घेतले नाही. यंदा आपले चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही परदेशी जाऊन आलात, चार शब्द सांगा." मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून नागपूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा पुराणवस्तुशास्त्रावर अधिकाराने बोलावे, अशी माझी योग्यता नाही. जे डोळ्यांनी पाहिले, तेथील संग्रहालयांतून कन्येच्या मदतीने जे वाचले आणि त्यावरून मनात जे आले, ते आपणापुढे ठेवतो. त्यात एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या अपराधाची आहे. तीही सांगण्याचे मी योजले आहे.

आमची धाकटी कन्या व जावईबापू नोकरीनिमित्त नेदरलंड्स देशाच्या उत्तरेस ग्रोनिंगन या शहरी राहतात. त्यांच्या आग्रहावरून सौभाग्यवती व मी गेल्या उन्हाळ्यात तीन महिने तेथे राहून आलो. डच म्हटले म्हणजे आपल्याला शालेय इतिहासातील वेंगुर्ल्याची वखार तेवढी आठवते, आणि हॉलंड म्हटले म्हणजे पवनचक्क्या, ट्यूलिपची फुले आणि समुद्राच्या पातळीखाली असलेली जमीन. त्या गोष्टी आहेतच. परंतु ग्रोनिंगनच्या दक्षिणेस ड्रेंथ नावाचा जो प्रांत लागतो, त्याचा या चित्राशी फारसा संबंध नाही. लिहिताना ड्रेंथ, उच्चारताना ड्रेंटे. येथे समुद्र नाही. जमीन किंचित उंच, वाळूची, नापीक. मधूनमधून दलदल आणि हीदर नावाच्या खुरट्या झुडपांची माळराने. ट्यूलिपचा देश श्रीमंत झाला त्या काळातही हा प्रांत गरीबच राहिला. प्रांताच्या राजधानीचे नाव आसन. हे नाव ऐकून सौभाग्यवतीस मोठी गंमत वाटली, आणि पुढे "आज आसनला जायचे का?" हा आमच्या घरातील नित्याचा विनोद होऊन बसला.

त्या देशी सर्व लहानथोर सायकलीवर फिरतात, हे आपण ऐकलेच असेल. मीही नोकरीतील पहिली वीस वर्षे शाळेत सायकलनेच जात असे, त्यामुळे जावईबापूंनी सायकल पुढे केली तेव्हा मी मागे सरलो नाही. फक्त ब्रेक हातात नसून पायडल उलटे फिरवल्याने लागतो, हे कळेपर्यंत एका कुंपणाशी माझी ओळख झाली. खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या सायकलवाटांवर प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला असतो. निघताना क्रमांकांची यादी कागदावर लिहून घ्यावी आणि खांबावरचे आकडे पाहत पुढे जावे. भाषा न येणाऱ्या माणसासही वाट चुकण्याची भीती नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. या प्रांतात ग्रोनिंगनपासून एमेन गावापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर लांबीचा एक चिंचोळा उंचवटा पसरला आहे. त्यास तेथील लोक 'कुत्र्याची पाठ' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे त्याला कोणी टेकाडही म्हणणार नाही, परंतु सपाट देशात तोच डोंगर. या पाठीवर आणि तिच्या आसपास प्रचंड शिळांनी रचलेली थडगी आहेत. त्यांना हुनेबेड म्हणतात. हुने म्हणजे राक्षस, बेड म्हणजे शय्या. संपूर्ण देशात अशी ५४ थडगी आज उरली असून त्यांपैकी ५२ एकट्या ड्रेंथ प्रांतात आहेत.

सर्वांत मोठे हुनेबेड बोर्गर गावाच्या कडेला आहे. आम्ही प्रथम तेच पाहिले. साडेबावीस मीटर लांबीची एक पाषाणांची रांग. दोन्ही बाजूंना उभ्या शिळा आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या नऊ छतशिळा. त्यांतील सर्वांत मोठीचे वजन वीस टनांच्या घरात आहे. शिळांना छिन्नी लागलेली नाही, कोरीवकाम नाही, लेख नाही. वेरूळ पाहिलेल्या माणसाच्या मनात पहिल्या क्षणी 'एवढेच का?' असे येते, आणि माझ्या मनात तसे आले हे मी लपवत नाही. परंतु त्या शिळांच्या सावलीत अर्धा घटका बसल्यावर दुसराच प्रश्न पडला. ज्या देशात डोंगर नाही, खाण नाही, पायाखाली नुसती वाळू, तेथे हे धोंडे आले कोठून?

त्याचे उत्तर शेजारच्या संग्रहालयात मिळाले. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात स्वीडन, फिनलंड इकडील पर्वतप्रदेशांतून बर्फाचे अजस्र थर सरकत सरकत येथवर आले होते. येताना त्यांनी तेथील खडक उपटून आपल्याबरोबर आणले. बर्फ वितळले आणि धोंडे मागे राहिले. म्हणजे ज्या दगडाला मी हात लावला, तो शेकडो मैलांचा प्रवास करून आलेला परका पाहुणा होता. त्या भूमीचे हे वैशिष्ट्य ध्यानी घेऊन युनेस्कोने २०१५ साली 'कुत्र्याच्या पाठी'ला जागतिक भूउद्यानांच्या यादीत स्थान दिले.

ते धोंडे उचलून थडगी बांधणारे लोक सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही आधीचे. त्या भागातले ते पहिले शेतकरी. गहू आणि जव पेरीत, गुरे पाळीत. लोखंड तर सोडाच, तांबेसुद्धा त्यांच्या हाती क्वचित. चकमकीच्या दगडाच्या कुऱ्हाडीने त्यांनी झाडे तोडली, आणि लाकडी ओंडके, दोर, तरफा व मातीचा उतार यांच्या साह्याने त्या शिळा चढवल्या असाव्यात, असे जाणकार मानतात. त्यांची मातीची भांडी नाळक्यासारख्या रुंद तोंडाची असल्यामुळे विद्वानांनी त्यांच्या संस्कृतीला त्या भांड्यांचेच नाव दिले आहे. थडगे बांधून झाल्यावर शिळांमधील फटी लहान दगडांनी बुजवून वरून मातीचा ढिगारा घालीत आणि लांबीच्या बाजूस, बहुधा दक्षिणेला, एक लहानसे दार ठेवीत. एकाच थडग्यात पिढ्यान्‌पिढ्या मृतांना ठेवीत. तेथील वाळू आम्लयुक्त असल्याने हाडे विरून गेली. उरली ती भांडी, कुऱ्हाडी आणि अंबराचे मणी. हाव्हेल्टे गावच्या एका हुनेबेडमध्ये सहाशेहून अधिक भांडी निघाली. मृतासाठी अन्नपाणी ठेवण्याची रीत आपल्याला परकी वाटत नाही. परंतु कोणाच्या श्रद्धेशी आपल्या श्रद्धेचे नाते जोडण्याची घाई मी करणार नाही, कारण त्या लोकांनी आपल्या मनातले एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही.

आपल्याकडे मोठा दगड दिसला की पांडवांनी एका रात्रीत उभा केला, असे म्हणण्याची पद्धत आहे. तिकडे राक्षसांनी. योहान पिकार्ट नावाच्या एका धर्मोपदेशकाने १६६० साली ग्रंथ लिहून ही गोष्ट चित्रांसह सिद्ध केली होती! त्याच्या चित्रात राक्षस धोंडे रचीत आहेत आणि सामान्य माणसे त्यांच्या गुडघ्याशी उभी आहेत. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १६८५ साली, टिशिया ब्रोंगर्स्मा या कवयित्रीने बोर्गरच्या हुनेबेडमध्ये खणून पाहिले. तिला राक्षसांची हाडे मिळाली नाहीत, खापरे मिळाली. त्या देशातील पुरातन स्थळाचे ते पहिले ज्ञात उत्खनन. आमच्या शाळेतील मुलींना ही गोष्ट सांगावयास हवी होती, असे वाटून गेले. धर्मोपदेशकाने ग्रंथ लिहिला आणि एका बाईने कुदळ चालवली.

माझ्या मनाला सर्वांत अधिक भिडलेली हकीकत मात्र पुढची आहे. त्या देशाचे समुद्रापासून रक्षण करणाऱ्या बांधांना लाकडी खांबांचा आधार असे. १७३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जहाजांना लागणाऱ्या एका समुद्रकिड्याने ते खांब आतून पोखरून टाकले आणि देश हवालदिल झाला. लाकडाऐवजी दगड वापरावा असे ठरले. पण दगड आणावा कोठून? दगडाला एकाएकी सोन्याचे मोल आले, आणि ड्रेंथमधील लोक माळावरचे धोंडे गाड्यांत भरून विकू लागले. त्यांत हुनेबेडांवरही हात पडला. तेव्हा २१ जुलै १७३४ रोजी प्रांताच्या सभेने ठराव करून हुनेबेडांचे दगड नेण्यास मनाई केली. गावाच्या शिवेचे दगड नाहीसे होऊन तंटे वाढतील, ही व्यावहारिक चिंता त्या ठरावामागे होतीच. पण प्राचीन स्मारके म्हणून ही थडगी राखावीत, हाही विचार त्यात होता. युरोपातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. इकडे थोरल्या बाजीराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती, असा तो काळ. समुद्र दाराशी आलेला, दगडाची निकड प्राणांतिक, प्रांत दरिद्री. आणि तशा वेळी काही शेतकरी व जमीनदार एकत्र बसून म्हणतात की हे दगड विकायचे नाहीत. मी ते वाक्य कन्येकडून दोनदा वाचून घेतले.

कायदा झाला म्हणजे सर्व दगड वाचले असे नव्हे. कित्येक गेलेच. आणि आणखी एक मौज पाहा. १८७० च्या सुमारास सरकारने व प्रांताने ही थडगी विकत घेतली आणि त्यांची 'दुरुस्ती' आरंभली. हे ढिगारे वाऱ्याने साचलेल्या वाळूचे आहेत, अशा समजुतीने ते खरवडून स्वच्छ केले. म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने घातलेली मातीच उपसून टाकली! ही बातमी ऐकून १८७८ साली लुकिस व ड्रायडन हे दोन इंग्रज अभ्यासक धावत आले आणि उरलेसुरले तरी कागदावर राहावे म्हणून त्यांनी एकेका थडग्याची बारीक मापे व चित्रे घेतली. चोराने जेवढे नेले नसेल तेवढे सुशोभन करणाऱ्याने घालवले. हे वाक्य माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलेले आहे. ते कोणाला उद्देशून लिहिले, हे लिहिताना मला कळले नव्हते.

विसाव्या शतकात व्हान गिफेन या संशोधकाने हे सर्व काम शास्त्रीय पायावर आणले. त्यांचा जन्म १८८४ चा, मृत्यू १९७३ चा. त्यांनी प्रत्येक हुनेबेडला क्रमांक दिला. ड्रेंथचा 'ड' अक्षर आणि पुढे आकडा, अशी ती पद्धत आजही चालू आहे. बोर्गरचे ते ड-२७. जेथून शिळा नाहीशी झाली तेथे तिची जागा दाखवणारा काँक्रीटचा एक ठेंगणा थर त्यांनी बसवला. पडलेल्या दातात दंतवैद्य सिमेंट भरतो, तसे ते दिसते. स्खोनोर्ड गावाजवळील ड-४९ हे तर त्यांनी अर्धे उघडे आणि अर्धे मूळच्यासारखे मातीने झाकलेले, असे १९५८-५९ च्या सुमारास पुन्हा उभारले. त्याचे नाव मोठे चमत्कारिक आहे: 'पोपच्या पाद्र्याविना चर्च'. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट मताचे उपदेशक तेथे उघड्यावर लोकांना प्रवचने देत, अशी आख्यायिका आहे. त्याच्या आत मी वाकून शिरलो. बाहेर ऊन होते. आत गारवा, काळोख आणि ओल्या मातीचा वास. त्या जागी मात्र 'एवढेच का?' हा प्रश्न पडला नाही. पण सांगण्यासारखी गोष्ट अशी की, हे थडगे पुरे करण्यासाठी लागलेल्या शिळा दुसऱ्या एका मोडक्या हुनेबेडमधून, ड-३३ मधून, आणल्या गेल्या आणि ते कायमचे नाहीसे झाले. एवढा मोठा माणूस, पण हा निर्णय मला पटला नाही.

हाव्हेल्टेच्या थडग्याचे नशीब आणखी निराळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तेथे विमानतळ केला. मार्गात येतात म्हणून शिळा काढून खड्ड्यात पुरल्या. युद्ध संपल्यावर व्हान गिफेन यांनी त्या वर काढून, जुन्या मापांवरून प्रत्येक शिळा आपल्या जागी बसवली. मापे लिहून ठेवण्याचा उपयोग काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्यांना हे उत्तर पुरे आहे.

आसन येथील संग्रहालयात दोन वस्तूंपुढे मी बराच वेळ थांबलो. एक होती पाईन वृक्षाचे खोड कोरून केलेली लहानशी होडी. १९५५ साली महामार्ग बांधताना पेसे गावाजवळ ती सापडली. वय सुमारे दहा हजार वर्षे. जगात आजवर मिळालेल्या होड्यांत ती सर्वांत जुनी मानतात. दुसरी वस्तू म्हणणे बरे दिसत नाही, कारण ती एक मुलगी आहे. ईडे गावच्या दलदलीत १८९७ साली तिचे शव सापडले. दलदलीच्या पाण्याने कातडी व केस टिकून राहिले. वय सोळाच्या आसपास, उंची जेमतेम साडेचार फूट, पाठीचा कणा वाकडा, आणि गळ्याभोवती लोकरीची पट्टी आवळलेली. दोन हजार वर्षांपूर्वी तिला गळफास देऊन दलदलीत टाकले. देवाला बळी दिले की कशाबद्दल शिक्षा केली, ते कळत नाही. माझ्या वर्गात पाठीला पोक असलेली एक मुलगी होती, तिची आठवण होऊन मी तेथून लवकर बाहेर पडलो.

बाहेर पडून पुढे ज्या ठिकाणी गेलो, तेथे मन हलके होण्यासारखे काही नव्हते. वेस्टरबोर्क नावाच्या गावाजवळ रानात एक छावणी होती. जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी डच सरकारने ती १९३९ साली बांधली. १९४२ च्या जुलैत नाझींनी ती ताब्यात घेतली. तेथून बहुतेक दर मंगळवारी आगगाडी सुटे आणि पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे जाई. ॲन फ्रँक ही मुलगीही १९४४ च्या सप्टेंबरात येथूनच गेली. नेलेल्यांपैकी १,०२,००० ज्यू, सिंती व रोमा माणसे परत आली नाहीत. आता छावणीच्या मोकळ्या पटांगणात तितक्याच, म्हणजे १,०२,००० लहान दगडी विटा उभ्या रोवल्या आहेत; एकेका माणसामागे एक, उंचीने कमीजास्त. रुळांचा एक तुकडा टोकाशी आकाशाकडे वाकवलेला आहे. आणि त्याच रानात, त्याच रांगेत, आकाशातील तारकांच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या चौदा प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. येथे सौभाग्यवती एका विटेशेजारी बसून राहिल्या. ती कोणत्या वयाच्या माणसाची असेल असे त्यांनी विचारले. मी काही बोललो नाही.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच सायकलीने आसनहून रोल्डे गावी गेलो. येथे एक जुने चर्च, त्यामागे गावाची दफनभूमी, आणि तिला लागून शेताच्या कडेला झाडांखाली दोन हुनेबेड. पाच हजार वर्षांपूर्वीचे मृत आणि गेल्या महिन्यातले मृत, यांत एका कुंपणाचे अंतर. तेथे माझ्याच वयाचे एक गृहस्थ पिशवीत कागदाचे कपटे आणि बाटल्या वेचीत होते. मी मदतीस वाकलो, तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे सुरू झाले. दोघांचेही इंग्रजी सारखेच मोडके असल्याने अडचण आली नाही. ते निवृत्त सुतार होते. कोणी नेमलेले नव्हते. सकाळी फिरायला येतात, म्हणून वेचतात. लहानपणी याच शिळांवरून घसरगुंडी करीत असू, असे हसत म्हणाले. मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या देशात असे काही आहे काय?"

मी म्हणालो, "होय, आहे. माझ्या जिल्ह्यातच आहे."

"ते कोण सांभाळते?"

अध्यक्षमहाराज, या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. का, ते सांगतो.

आपल्या नागपूरपासून जवळच काटोल मार्गावर जुनापाणी येथे दगडांची वर्तुळे आहेत; सुमारे तीनशे. ती केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा येथेही अशी वर्तुळे होती व आहेत. डॉ. शां. भा. देव यांनी तेथे केलेल्या उत्खननांत लोखंडाची हत्यारे, काळी-तांबडी भांडी आणि घोड्यांचे अवशेष व त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. ही आपल्या भूमीतील लोहयुगाची दफने. हुनेबेडांपेक्षा वयाने लहान, पण अडीच-तीन हजार वर्षांची तर खचितच. त्या लोकांचा आणि ड्रेंथच्या लोकांचा काही संबंध नाही. फक्त माणूस मेल्यावर मोठा दगड लावावा, एवढे दोघांनाही सुचले.

१९८४ साली मी त्याच भागातील एका खेड्यात शिक्षक होतो. वय पंचवीस-सव्वीस, उत्साह अमाप. तपासणीसाठी अधिकारी यायचे होते आणि शाळेपुढील बाग सुशोभित करण्याचे मी मनावर घेतले. गावाबाहेरील पडीत एक वर्तुळ होते. गोल, गुळगुळीत, हाताने उचलता येतील असे काळे धोंडे. सातवीची मुले आणि एका पालकाची बंडी घेऊन मी गेलो. पहारीने दगड उपटू लागलो, तेव्हा तेथे गुरे राखीत असलेला एक म्हातारा जवळ येऊन हात जोडून म्हणाला, "गुर्जी, थे गोटे नोका हालवू जी. जुन्या लोकायचे होत थे." मी त्याला अंधश्रद्धेवर एक लहानसे व्याख्यान दिले. मुलांपुढे दिले, म्हणजे त्यांनाही बोध व्हावा! तो गप्प राहिला. दगडांच्या बुडाशी काळी-तांबडी खापरे निघाली. मुलांनी ती मला आणून दाखवली, आणि 'टाका ती घाण' असे मी म्हणालो. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. धोंड्यांना गेरू व चुना लावून आम्ही फुलझाडांभोवती आणि झेंड्याच्या चबुतऱ्याभोवती मांडले. तपासणीच्या शेऱ्यात बागेची प्रशंसा झाली. तो शेरा मी कैक वर्षे जपून ठेवला होता.

पुढे जुनापाणीविषयी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला आपण काय केले ते कळले नाही, असे नाही. कळले. परंतु 'आपला एक गोल, बाकी तीनशे आहेत' असे म्हणून मी ते मनाच्या कोपऱ्यात ढकलले. रोल्डेच्या सुताराच्या प्रश्नाने ते बाहेर आले. परतताना सायकलीवर क्रमांक पाहण्याचे भान राहिले नाही, आणि त्या सोप्या वाटेवर मी पहिल्यांदाच रस्ता चुकलो.

भारतात परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत मी त्या गावी गेलो. तेव्हाच्या सातवीतला एक विद्यार्थी आता तेथे शेती करतो. तो बरोबर आला. तो म्हातारा कधीच निवर्तला होता. वर्तुळाच्या जागी संत्र्याची बाग आहे. विद्यार्थ्याने दोन झाडांमधली जागा बरोबर दाखवली. मी एकट्याने गेलो असतो तर मला ती सापडली नसती. शाळेची इमारत नवी झाली आहे. जुन्या धोंड्यांपैकी आम्हाला नऊ मिळाले. चार कुंपणाच्या पायात, तीन हातपंपाजवळ, एक मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार अडवण्यासाठी, आणि एक अजून चबुतऱ्याशी, चुन्याच्या जुन्या थरासह. किती नेले होते, ते मी त्या वेळी मोजले नव्हते. विद्यार्थी म्हणतो तीसच्या आसपास असावेत.

त्या नऊ दगडांची मापे मी घेतली आहेत. जागेचा नकाशा काढला आहे, आणि सर्व हकीकत माझ्या सहीनिशी लिहून संबंधित खात्याकडे गेल्या महिन्यात पाठवली आहे. तो दगड मुख्याध्यापकांनी दारातून काढून ओट्यावर ठेवला, एवढे तूर्त झाले.

आता एक विनंती आहे आणि ती केल्यावर मी खाली बसतो. आपल्या ज्ञातीतील अनेकांच्या शेती काटोल, कळमेश्वर, हिंगणा, कुही या बाजूंना आहेत. ज्यांच्या शेतात वा शिवारात असे दगडांचे गोल असतील, मोडके असले तरी चालतील, त्यांनी मला सांगावे. मी स्वतः येईन. बरोबर फीत आणि वही आणीन. दगडाला हात लावणार नाही आणि जमिनीला कुदळ लावणार नाही. आतापर्यंत वहीत सात जागांची नोंद झाली आहे. त्यांपैकी दोन आज येथे बसलेल्या भगिनींनी कळवल्या आहेत. भोजनाच्या वेळी मी दक्षिणेकडील दाराशी, बक्षिसांच्या टेबलाजवळ थांबेन. वही माझ्या पिशवीत आहे.